बॉलच्या पाया पडली

वाटूरच्या पोरींचा कोच अप्पाराव गालात हसला की समजायचं, कुठंतरी पाणी मुरून राह्यलं. मागच्या साली टीम दमली की ह्याच्या पोरींच्या बुटाच्या नाड्या बराबर सुटायच्या, तेवढाच आराम. तेव्हापासून मी रेफरी असलो की एक डोळा बॉलवर, एक अप्पारावावर.

जालन्यात जिल्ह्याची बास्केटबॉल फायनल होती. जिंकंल ती टीम विभागाला जाणार. अंकुशनगर एका पॉइंटनं पुढं, मॅच संपतच आल्ती. वाटूरची अर्पिता ड्रिबल करत बास्केटखाली घुसली. समोर अंकुशनगरची कॅप्टन दैवशाला, हात पसरून उभी. तेवढ्यात बॉल अर्पिताच्याच बुटाला लागून वर उडाला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आन् कपाळाला लावला, घरात वही-पुस्तकाला पाय लागल्यावर लावतात तसा.

दैवशालाचे हात आपोआप खाली आले. पाया पडणाऱ्याच्या हातातलं कोण ओढणार? अर्पितानं तिथूनच बॉल टाकला. बास्केट झाली आन् वेळ संपली.

अंकुशनगरच्या पोरी माझ्या अंगावरच आल्या. माझंही डोकं तापलं. बॉल मुद्दाम पायानं मारला तर बास्केट रद्द. चुकून लागला तर काहीच न्हाई. धरल्यावर ती परत ड्रिबल करती तर मी पकडलं असतं, पाऊल सरकवती तरी पकडलं असतं. तिनं एकही चूक केली न्हाई, ह्याचाच मला जास्त वहीम आला.

"कोणी शिकवलं हे?" मी अर्पिताला विचारलं.

"आईनं."

उत्तर जरा जास्तच जल्दी आलं. अप्पाराव आभाळाकडं बघून राह्यल्ता. पण वहिमावर शिट्टी वाजवता येत न्हाई. बास्केट दिली, वाटूर जिंकलं.

मी सामान भरत होतो तेव्हा दैवशाला आली. रडून डोळे लाल झाल्ते.

"सर, मी बॉल हिसकून घेतला असता तर चाललं असतं?"

"नियमानं चाललं असतं."

"तिनं मुद्दाम केलं असंल तर सांगा. मंग पुढच्या बारीला कुणी कितीबी पाया पडू दे, मी थांबणार न्हाई."

मी अप्पारावाकडं बघितलं. मेला गालात हसून राह्यल्ता.

"बिलकुल न्हाई, पोरी," मी म्हणालो. "चुकूनच लागला."

माझा स्वतःचा विश्वास बसला न्हाई, पण तिचा बसला. डोळे पुसले आन् ती अर्पिताशी हात मिळवायला गेली.