सिदरची फळी

चंद्रशेखरने धार लावायच्या दगडावर तेलाचे थेंब सोडले आणि रंध्याचं पातं त्यावर टेकवलं. मागेपुढे, मागेपुढे. आखातातल्या अल खौदमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून येणारा एकसुरी आवाज रेखा स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. कणीक केव्हाच मळून झाली होती, तरी तिचे हात थांबत नव्हते.

दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला होता. तुमच्या गाठीचा रिपोर्ट चांगला नाही, रविवारी नवऱ्याला घेऊन या, असं तिथली सिस्टर हळू आवाजात म्हणाली. चंद्रशेखरला संध्याकाळी, चहा झाल्यावर सांगायचं, असं रेखाने मनाशी ठरवलं होतं. पण तो भरदुपारीच ऑफिसातून परतला. "काम नव्हतं फारसं," एवढंच म्हणाला आणि कपडे बदलून थेट बाल्कनीत जाऊन बसला.

शेवटी ती हात धुऊन बाहेर आली. सिदरची फळी स्टुलावर आवळून ठेवलेली होती. इब्रा गावच्या बाजारातून जुन्या दरवाजाची ही फळी त्याने हौसेने आणली होती. लेकीला, उर्वीला, अभ्यासाचं बैठं मेज करायचं म्हणून. पण रंधा फिरवला की फळीच्या खपल्याच उडत.

"अजून नाही झालं?"

"बोरीच्या जातीचं लाकूड हे. शिरा मध्येच उलट फिरतात. धार जरा कमी पडली की ओरबाडून निघतं." त्याने पातं किंचित उभं धरलं. "कोनसुद्धा थोडा उभा द्यावा लागतो."

त्याची बोटं धारेच्या अगदी काठाशी होती. आत्ता सांगितलं आणि हात सटकला तर? त्याने पातं खाली ठेवलं की बोलायचं, असं ठरवून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

त्याने पातं उलटं करून दगडावरून अलगद ओढलं, घासताना मागच्या बाजूला वळलेली पोलादाची बारीक कोर काढून टाकली, उजेडात धरून पाहिलं. रेखाने ओठ उघडले. त्याने पातं पुन्हा दगडावर ठेवलं.

"लागली की धार."

"थोडी राहिलीय."

तिची नजर त्याच्या डाव्या हातावर गेली. धार तपासण्यासाठी तो नेहमी मनगटाजवळचे केस तासून बघायचा. आज मनगटापासून कोपरापर्यंत एक केस उरला नव्हता.

"शेखर, ठेव ते खाली."

त्याचे हात थांबले. पातं मात्र सुटलं नाही.

"मला काहीतरी सांगायचंय तुला."

"माहितीय." तो दगडाकडेच बघत होता. "हॉस्पिटलवाल्यांनी आधी मलाच फोन केला होता. मीच म्हटलं, तिलाही तुम्हीच सांगा. माझ्याच्याने होणार नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचं दार आपटलं.

"मी गॅसपाशी उभी होते," रेखा म्हणाली. "भाजी चढवली होती. एकटीने ऐकलं मी ते."

त्याने पातं खाली ठेवलं आणि तेलकट बोटं फडक्याला पुसत राहिला. पुसून झाली तरी पुसत राहिला.

बाहेरचं दार उघडलं. उर्वी शाळेतून आली होती. तिने दप्तर सोफ्यावर टाकलं आणि दोघांना बाल्कनीत बघून तिथेच थबकली.

"बाबा, तू ऑलरेडी घरी? काय झालं... म्हणजे, इज एव्हरीथिंग ओके?"

चंद्रशेखरचा हात नकळत पुन्हा पात्याकडे वळला. त्याच्या आधीच रेखाने ते उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं.

"बूट काढ आणि इथे येऊन बस, उर्वी," ती म्हणाली. "बाबाला तुला काहीतरी सांगायचंय. मी आहे इथेच."

रेखा त्याच्या शेजारी लादीवर बसली. चंद्रशेखरने मान वर केली.