गरम पाण्यातली जागा

झुंबरला हे प्रॅक्टिकल पास व्हायचंच होतं. नापास झाली तर वार्षिक परीक्षेला बसू देणार नाही, असं सरांनी सगळ्यांदेखत सुनावलं होतं. ती बौद्ध वस्तीतून कॉलेजात आल्यापासून ते निमित्तच शोधत होते.

सन अठ्ठ्याहत्तरचा डिसेंबर. गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोटं आखडत होती. प्रयोग लाळेचा. लाळेतलं एन्झाइम स्टार्चची साखर करतं, पण अंगाइतकी ऊब मिळाली तरच झपाट्यानं. म्हणून सगळ्यांच्या नळ्या एकाच गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायच्या.

झुंबरनं चूळ भरली, नळीत आपली लाळ घेतली, स्टार्च मिसळला आणि भांड्याकडे निघाली.

"तू कुठे निघालीस?" सर म्हणाले. "तुझी नळी तिकडे खिडकीत ठेव."

"तिकडे गार आहे, सर. रिअ‍ॅक्शन होणारच नाही."

"उलट बोलू नकोस."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं, आज नाही. तिनं सरळ जाऊन नळी भांड्यात ठेवली.

काचेतली लाळ पाण्यात उतरत नाही, हे बी.एस्सी.च्या पोरांना का कुणी सांगायला हवं? पण कालपर्यंत तिच्याकडूनच प्रयोग समजून घेणारा मल्हारी उठला आणि आपली नळी खिडकीत घेऊन गेला. मग एकेक करत सगळे. सरांनी कुणालाही अडवलं नाही.

थोड्या वेळानं बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. त्यांनी प्रत्येक नळीतला थेंब आयोडीनमध्ये टाकून पाहिला. निळा. पुन्हा निळा. म्हणजे स्टार्च होता तसाच. एकट्या झुंबरचं आयोडीन पिवळं राहिलं.

"बाकीच्यांचं एन्झाइम मेलं की काय?"



"मेलं नाही, बाई," झुंबर म्हणाली. "उकळलं असतं तर मेलं असतं. हे गारठ्यानं नुसतं दबलंय. ऊब दिली की लागेल कामाला. पेशीसुद्धा एन्झाइम दर वेळी मारत नाही. नको तेव्हा रोखते, हवं तेव्हा सोडते."

बाईंनी तिला पास केलं आणि इतरांना म्हणाल्या, "दहा मिनिटं देते. ठेवा नळ्या पाण्यात."

झुंबरनं आपली नळी काढली नाही. फक्त कडेला सरकवली.

"ये ना, मल्हारी," ती म्हणाली. "जागा आहे."

मल्हारीनं सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. दहा मिनिटं संपली तेव्हा पाणी गरमच होतं, आणि नळ्या खिडकीतच होत्या.