निरोगी स्वयंसेवक

आमच्या विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे गुठळीसम्राट म्हणत. रक्तातल्या गुठळीला जाऊन चिकटेल आणि कॅमेऱ्यात चमकून तिचा पत्ता सांगेल, असं औषध त्यांनी नऊ वर्षं खपून तयार केलं होतं. गुठळी वेळेत कशी ओळखावी, यावर ते देशोदेशी भाषणं देत. नुकतेच अशाच एका भाषणाहून चौदा तास विमानात बसून परतले होते. लंगडत.

"पोटरी सुजलीय तुमची. दाखवून घ्या," त्यांच्या पत्नी चार दिवस कानीकपाळी ओरडत होत्या.

"कोणाला दाखवू? या विषयात माझ्यावर कोण आहे?"

पाय तसाच राहिला.

सोमवारी चाचणीसाठी धडधाकट माणूस हवा होता. गुठळी नसेल तर औषध गप्प राहतं, हे दाखवायचं होतं. ठरलेला स्वयंसेवक सुई पाहूनच सटकला. सरांनी संमतीच्या कागदावर झोकात सही केली आणि बाही वर सारली. "माझ्यासारखा ठणठणीत माणूस शोधून सापडणार नाही."

औषध मीच टोचलं, कॅमेराही मीच चालवत होते. तासाभराने पडद्यावर डाव्या पोटरीत मोठा ठिपका पेटला. उजव्या फुप्फुसात दोन बारीक.

"सर, पोटरीत काहीतरी दिसतंय."

"कॅमेरा बिघडलाय."

"सकाळीच तपासलाय."

"मग औषध नासलं असेल."

नऊ वर्षांत त्या औषधाबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला वाईट शब्द.

मी सोनोग्राफीच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोटरीवरून यंत्र फिरवलं आणि म्हणाले, "औषध उत्तम आहे, सर. अभिनंदन. आता जागचं हलायचं नाही."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हळूच विचारलं, "घरी कळवलंत?" गुठळीपेक्षा त्यांना त्याचीच धास्ती जास्त दिसली.

पत्नी आल्या. चिडल्या नाहीत. पडद्यावरचं चित्र निरखून पाहिलं. "छानच दिसतंय. मला बाई नुसत्या डोळ्यांनी दिसलं होतं."

रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी सर सावरले, आठवड्याने घरी गेले. पुढचं भाषण त्यांनी घरूनच, पडद्यावरून दिलं. पत्नी दर अर्ध्या तासाने ते थांबवून त्यांना खोलीभर चालवून आणत होत्या. श्रोत्यांच्या लक्षात तेवढंच राहिलं म्हणे.