अर्थाचा खड्डा

विहिरीच्या ओल्या कडेला भिमाने पहारीने ओढलेल्या रेघेकडे सारे अंगण पाहत होते; जणू ती रेघ मातीवर नव्हे, कुणाच्या तरी गालावर उमटली होती.

अखेर नारायणराव हसले. भोरमधल्या नव्या बोलपटगृहाचे ते मालक. थंड हवेचे एक जुने यंत्र त्यांनी मुंबईहून आणवले होते आणि ते जोडू शकणारा माणूस आसपास एकच होता: खडकीच्या लष्करी कारखान्यात तारकाम शिकलेला, उत्रोलीच्या महारवाड्यातला भिमा.

"इथे खड्डा? माझ्या विहिरीशी?"

"व्हय, मालक. हितली माती ओली हाय. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती तारंनं मातीत जाया पायजे. कोरड्या मातीत ती जात न्हाई, माणसाच्या अंगात जाती. ह्येलाच विंग्रजीत अर्थ म्हणत्यात."

"ऐका! आम्ही गीता वाचून थकलो, आणि अर्थ सापडला महाराला!" अंगण खदखदा हसले. "तिकडे खण. उकिरड्यापलीकडे."

तिकडे नुसता मुरूम होता. भिमाने छातीइतके खोल खणले, लोखंडी पत्रा पुरला, वर कोळसा आणि मीठ भरले, तार जोडली. "ह्यात रोज दोन घागरी पाणी पायजे, मालक. म्याच आणतो नदीवरनं."

"तुझ्या हातचं पाणी माझ्या अंगणात सांडायचं? धोंडाबाई ओतेल."

धोंडाबाई तिथे झाडलोट करी, सून सगुणाबाई तिच्या हाताखाली. मराठ्याची विधवा, तोंडाने फटकळ. भिमाला भाकरी देताना ती वरूनच टाकी. पण शिळी कधी टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी छपराखाली तार ओढताना भिमाने तिला पाहिले. ती घागर घेऊन खड्ड्याशी आली, वाकली आणि थबकली. धार म्हणजे दोर. खालचा विटाळ धारेवरून घागरीत चढतो, घागरीतून विहिरीत उतरतो, हे तिने पाळण्यात असल्यापासून ऐकलेले. खड्ड्यातली माती महाराच्या हातची. तिने इकडेतिकडे पाहिले आणि पाणी कर्दळीला घातले. रोज दोन घागरी कर्दळ पीत राहिली. ती हिरवीगार झाली. खड्डा चैत्राच्या उन्हात वाळत गेला.

अक्षय्य तृतीयेला यंत्र सुरू व्हायचे होते. सकाळी भिमाने खड्ड्याच्या तारेला चाचणीचा दिवा लावून पाहिला. माती ओली असेल तर तो लख्ख पेटावा. तो विस्तवासारखा मंद लाल धुमसला, एवढेच.

"बाई, खड्ड्यात पाणी वतलं न्हवं?"

"वतलं की! का, शपथ घिऊ? आता म्हार मराठणीला खोटं पाडनार व्हय?"

नारायणराव वळले. "काय म्हणतोस रे, भिमा?"

भिमाच्या डोळ्यांसमोर वेल्ह्याकडची एक राख आली. त्याचा मावसभाऊ गेनबा पाटलिणीला एकदाच म्हणाला होता, 'तुमी म्हणता तसं झालं न्हाई'. त्याच आठवड्यात त्याचे झोपडे पेटले.

"काय न्हाई, मालक," भिमा म्हणाला, आणि त्याने मुख्य खटका ओढला.

आत गार वारा वाहिला. पाहुणे "अहाहा!" म्हणाले. भिमा बाहेर उन्हात उभा होता.

पाचव्या दिवशी यंत्राच्या थरथरीने एका तारेचे आवरण घासून फाटले आणि वीज पत्र्यात उतरली. तिला मातीची वाट नव्हती. धोंडाबाई ओली फरशी पुसत होती. उठताना आधाराला म्हणून तिने यंत्राचा पत्रा धरला. किंकाळी ऐकून भिमा धावला, खटका पाडला, तिला दोन्ही हातांनी उचलले. हातात आले ते केवळ ओझे.

प्रेताला महार शिवला म्हणून नारायणरावांनी ते अंगणात दोनदा धुववले. ते पाणी वाहत वाहत मुरुमातल्या खड्ड्यात जिरले. पंचनाम्यात लिहिले गेले: दैवगती.

दहाव्यानंतर उत्रोलीच्या वाटेवर धोंडाबाईची सून सगुणाबाई भिमाला आडवी आली. दोन्ही अंगांना भाताच्या रोपांसाठी राब भाजून काळी पडलेली खाचरे होती.

"भिमा, मालक म्हणत्यात, तुझ्या हाताला अपेश हाय. म्या तसं म्हणत न्हाई. मला येवढंच सांग. त्या माजलेल्या कर्दळीवरनं मला आता उमगलं, आत्याबाई खड्ड्यात पाणी वतत न्हवत्या; ह्ये तुला ठावं व्हतं?"

भिमा तिच्या पायांजवळच्या राखेकडे पाहत राहिला.

"व्हतं न्हवं? मग खटका का वढलास? मालकाला भ्यालास, आत्याबाईला भ्यालास, खरं हाय. पर मला तरी सांगायचंस. म्या वतलं असतं की रं पाणी."

पाटलीण, गेनबा, राख यांतले काहीच या बाईच्या प्रश्नाला पुरेना. त्याने हत्यारांची पिशवी खांद्यावर घेतली, तिच्या सावलीला आपली सावली लागू नये म्हणून जुन्या सवयीने तो बांधावरून खाली उतरला, आणि जळक्या खाचरातून चालू लागला.

"भिमा!" ती ओरडली. "बोल की रं!"

तो चालतच राहिला.