बटनावरची गाडी

लकवा मारलेल्या माणसाला गेम खेळायला बसवायचं, ही अक्कल कुणाची? संध्याची. पुढं वस्तीत ज्यानं त्यानं तिलाच बोल लावला, अन् बोल लावणारे कोण, तर ज्यांनी साहेबरावांच्या हाताला कधी तेलाचं बोट लावलं नव्हतं ते. आपल्या बापाचं तिनं काही वाईट चिंतलं होतं का? मुळीच नाही. सगळ्यांनी चांगलंच चिंतलं होतं, अन् तिथंच तर घोटाळा झाला.

साहेबराव एसटीचे ड्रायव्हर. तीस वर्षं जालना-अंबड-वडीगोद्री केली, पण गाडीला कधी साधा ओरखडा आला नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली काचेच्या डबीत ठेवलेला. रिटायर होऊन तीन वर्षं झाली असतील नसतील, फेब्रुवारीत एका सकाळी दाढी करताना हातातला ब्रश गळून पडला. उजवं अंग गेलं. पाय महिन्याभरात काठीवर आला, जीभ जड का होईना पण वळायला लागली. हात काही आला नाही. मूठ वळायची, छातीशी यायची अन् तिथंच बसायची.

डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. "पहिले सहा महिने. हात येईल तो याच काळात येईल. मूठ रोज उघडा, मनगट फिरवा. अन् त्यांनी स्वतःच्या मनानं हलवायला पाहिजे. मन त्या हाताकडं गेलं पाहिजे."

संध्याचा सगळा जीव त्या हातात अडकला. बापानं आपल्या हातानं भाकर मोडून खावी, बस, दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. साहेबरावांना चांगुणाबाई भरवायच्या. घास तोंडाशी आला की ते डोळे मिटून घ्यायचे. बायकोच्या हातून जेवायचा एवढा संकोच त्या माणसाला! संध्याला ते बघवायचं नाही. ती ताट घेऊन ओट्याशी जाऊन जेवायची.

व्यायाम घ्यायला एक मॅडम यायच्या. साहेबराव त्यांच्यासमोर निमूट बसायचे, अन् त्या गेल्या की रबरी चेंडू भिंतीवर फेकायचे. डाव्या हातानं.

"चेंडू दाबायला मी काय लेकरू हाये? गाडी चालवाय सांगा, चालवतो."

हेच वाक्य संध्याच्या डोक्यात बसलं.

स्टेशन रोडला रिजवानचं टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. रिजवान वडीगोद्रीचा, कॉलेजची तीन वर्षं साहेबरावांच्याच गाडीनं जालन्याला आलेला, त्यामुळं त्यांना चाचा म्हणायचा. त्याच्याकडं कुणाचा तरी जुना गेमचा डबा येऊन पडला होता. त्याचा कंट्रोलर दोन तुकड्यांचा, एकेका हातात एकेक धरायचा. उजव्या हातातला तुकडा तिरपा केला की टीव्हीवरची गाडी वळायची. गाडी कसली, तर बस! लाल बस, घाटाचा रस्ता, थांब्यावर चढणारे-उतरणारे लोक. संध्याचे डोळेच चमकले.

"पण ताई, एक बोलू?" रिजवान म्हणाला. "हात हलवायचे गेम पोरं दहा मिनिटांत सोडून देतात. बटनावर बसले की खाना-पीना इसरतात. हात हलवला की हातच याद राहतो, गेम याद राहत न्हाई."

"ते पोरांचं झालं रे. बाबांनी जिंदगीभर हातानं गाडी वळवली. बटन दाबून त्यांला काय वाटणार, कप्पाळ? हातानं वळवली की ती खरीच गाडी वाटंल. गेम हाये हे इसरतील, अन् इसरले की हात आपोआप हलंल."

"तुमी म्हंता तसं," रिजवान म्हणाला अन् संध्याकाळी डबा घरी आणून जोडून दिला.

उजवी मूठ उघडून त्यात तुकडा सरकवला, वरून क्रेप पट्टी बांधली. टीव्हीवर बस उभी राहिली. पण साहेबराव गाडी काढीनात.

"काय झालं, चाचा?"

"कंडक्टरनं डबल बेल न्हाई दिली."

मंडळी हसली. चांगुणाबाईंनी स्टीलचा पेला घेतला अन् चमच्यानं दोनदा वाजवला. टण् टण्. साहेबरावांनी डावा हात आधी टीव्हीकडं नेला अन् मग कपाळाला लावला, रोज स्टेअरिंगला लावायचे तसा, अन् गाडी काढली. पहिलं वळण आलं. खांदा उचलला गेला, मानेच्या शिरा ताणल्या, ओठ वाकडा झाला, मनगट काही फिरलं नाही. बस कठडा तोडून दरीत गेली. टीव्हीतून माणसांच्या किंकाळ्या आल्या.

साहेबराव पांढरेफटक पडले.

"होईल, बाबा. हळूहळू होईल," संध्या म्हणाली. तिला आनंदच झाला होता. खांदा उचलला होता ना!

संध्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, आठवड्यानं उलगडायची अन् किती उगवले ते मोजायचं. साहेब लोक कितीही घाई करोत, कागद उलगडून स्वतःच्या डोळ्यानं मोड बघितल्याशिवाय ती एक पोतं पास करायची नाही. एवढी पक्की बाई! सकाळी साडेआठला घर सोडायची, परत यायला सात. आल्या आल्या टीव्ही लावायची. गाडी किती किलोमीटर विनाअपघात चालली, तो आकडा गेम लिहून ठेवायचा.

पहिले सहा दिवस शून्य. मग एकदम सात. मग एकोणीस. पंधरा दिवसांत त्रेपन्न!

"आई, बघ तरी! त्रेपन्न! म्हणजे मनगट फिरून राह्यलं."

"हो बाई," चांगुणाबाई पिठात हात घालून म्हणाल्या. "मोकळा व्हायला लागलाय म्हणायचं."

साहेबराव भिंतीला टेकून बसलेले असायचे, हाताला पट्टी. संध्या पट्टी सोडायला गेली की म्हणायचे, "राहू दे, आत्ताच ड्युटी उतरली." जेवण ती यायच्या आत झालेलं असायचं. रविवारी ती घरी असायची, म्हणायची, चला बाबा, आज माझ्यासमोर चालवा. तर म्हातारा ऐटीत सांगायचा, "आज वीकली ऑफ." अन् तिलाही हसू यायचं. किती दिवसांनी घरात हसू आलं होतं! ते हसू मोडून पट्टीखाली कोण बघतं?

जूनमध्ये आकडा एकशे दहावर गेला. संध्यानं व्यायामाच्या मॅडमला फोन केला, "आता येऊ नका मॅडम, ते स्वतःच करून राह्यलेत." डॉक्टरांची तारीख आली, ती तिनं पुढं ढकलली. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं ती लॅबमधल्या बायांनाही सांगायची. हात कुठं बघितला होता तिनं? आकडा बघितला होता.

ऑगस्टमध्ये एके दिवशी लॅबची लाईट गेली अन् दुपारीच सुट्टी झाली. संध्या गल्लीत शिरली तर घरातून टण् टण् ऐकू आलं. ती दारातच थांबली. बापाला गाडी चालवताना आज बघायला मिळणार म्हणून पायातली चप्पलसुद्धा तिनं आवाज न करता काढली.

साहेबराव खुर्चीत बसले होते. डाव्या हातात एकच तुकडा होता अन् त्यावरची बारकी दांडी ते अंगठ्यानं फिरवत होते. अंगठा तर असा चालत होता, काय सांगावं! वळण आलं की सगळं अंग त्या बाजूला झुकत होतं, डावा पाय फरशीवर क्लच दाबत होता. तोंडावर तीस वर्षांपूर्वीचं तेज. "गोलापांगरीवाले पुढं या," ते म्हणाले, जीभ जरासुद्धा अडखळली नाही. उजवा हात मांडीवर टॉवेलाखाली पडला होता, कुण्या पाशिंजरनं गाडीत इसरलेल्या पिशवीसारखा.

"हे काय चाललंय?"

चांगुणाबाईंच्या हातून चमचा पडला. साहेबरावांनी मान वळवली नाही. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. संध्यानं जाऊन टीव्हीची पिन उपसली.

"संधे! गाडी चालू हाये!" बाप ओरडला.

"आई, कधीपासून?"

 आई रडत रडत बोलली. "चार दिवस तुझ्या त्या पट्टीनं बांधून चालवली. रोज दरीत. रोज माणसं वरडायची. पाचव्या दिवशी ह्यांनी अन्न सोडलं. म्हणले, तीस वर्षांत एक कुत्रं मारलं न्हाई म्या, अन् आता रोज गाडीभर माणसं मारून राह्यलो. दोन दिवस पाण्याचा घोट न्हाई गं! मंग म्या रिजवानला बोलावलं. म्हणलं, काही कर, पण ह्यांची गाडी पडू देऊ नको. त्यानं बटनावर करून दिली."

"अन् पट्टी?"

"तू यायच्या टायमाला माझ्याकडून बांधून घ्यायचे. तू इतकी खूष व्हायचीस..."

संध्यानं टॉवेल बाजूला केला. मूठ तिनं आपल्या मांडीवर घेतली अन् एकेक बोट उचकटायला लागली. बोटं वाळल्या दोरीसारखी ताठ. करंगळी मोठ्या कष्टानं सुटली, सोडली की परत मिटली. आत तळवा पांढरा, ओलसर, घामट वासाचा, अन् नखं रुतून चार जागी जखमा झालेल्या. न उगवलेला दाणा आठवड्यानंतर कागदात असाच दिसतो. रोज अशा दहा गुंडाळ्या ती उलगडायची. घरातली एकच उलगडायची राहिली होती, अन् डॉक्टरांचे सहा महिने उलटून गेले होते.

"आई गं," एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग ती आईवर तुटून पडली, रिजवानला फोनवर नाही नाही ते बोलली.  शेवटी तो म्हणाला, "ताई, चाचा रोते थे. मेरे से देखा नहीं गया."  मग ती मोरीत गेली, नळ सोडला अन् स्वतःच्या गालात फाडफाड मारून घेतलं. मॅडमला येऊ नका कुणी सांगितलं होतं? तारीख कुणी ढकलली होती?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी मूठ बघितली, बोटं ताणली, साहेबराव कळवळले. डॉक्टर रागावले असते तरी बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "स्नायू आखडले आता. स्वच्छ ठेवा, नखं कापत जा. आणखी काही होईल अशी आशा मी दाखवणार नाही."

पण बुडत्याला काडीचा आधार. घरी आल्यावर संध्यानं सेटिंग पुन्हा हातावर केली. मुठीत तुकडा कोंबला, पट्टी करकचून आवळली. "बाबा, एकदा. माझ्यासाठी एकदा. डॉक्टरला काय कळतंय?"

साहेबरावांनी तिच्याकडं बघितलं. लेकीला नाही म्हणायची सवय त्या माणसाला नव्हती. डबल बेल कुणी दिली नाही, तरी त्यांनी गाडी काढली. पहिल्याच वळणाला दरी. किंकाळ्या. "पुन्हा," संध्या म्हणाली. पुन्हा दरी. साहेबरावांची नजर रस्त्यावर नव्हतीच. ती त्या बांधलेल्या मुठीवर खिळली होती. रिजवान म्हणाला होता तेच. हात होता, रस्ता नव्हता. तिसऱ्यांदा गाडी थांब्यावर लागली, माणसं चढायला लागली, तसे ते म्हणाले,

"संधे, आधी पाशिंजर उतरव, बाळा. मंग बांध मला. रिकामी गाडी घालतो दरीत, तू म्हणशील तितक्या बार."

 चांगुणाबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या, पदराचा बोळा तोंडात. टीव्हीवरची माणसं चढून झाली होती.

मग संध्यानं पट्टी सोडली. मुठीतला तुकडा ओढून काढला, गाडी बटनावर केली अन् दुसरा तुकडा बापाच्या डाव्या हातात दिला. पेला जवळच होता. तो तिनं घेतला, चमचा घेतला.

टण् टण्.

साहेबरावांनी टीव्हीला नमस्कार केला अन् गाडी काढली. पहिलं वळण सफाईनं गेलं. दुसरं गेलं. "अंबडवाले," ते म्हणाले, "दहा मिनिटं गाडी थांबंल, चहा घ्या." संध्या नेलकटर घेऊन त्यांच्या पायाशी बसली अन् उजव्या मुठीची बोटं एकेक करून उचकटायला लागली. नखं कापताना जखमेला लागलं, रक्त आलं. दुखलं असणार. तिनं घाबरून वर बघितलं, पण साहेबराव वडीगोद्रीच्या रस्त्याला लागले होते. त्यांनी खाली बघितलं नाही.