पाकिटावरचं नाव

ऑफिसात त्याला सगळे दरवान म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. साडेचारशे माणसांच्या कारखान्याचा मेल सर्व्हर त्याच्या ताब्यात. कोणाचा मेल सरळ आत येणार आणि कोणाचा स्पॅम म्हणून कोठडीत पडणार, हे त्याच्या व्हाइटलिस्टवर ठरायचं. यादीत नाव घालून घ्यायला लोक त्याच्या नाकदुऱ्या काढत. खरेदी विभागातल्या बाईंना तर दर महिन्याला बोलणी बसत. "बाई, पत्रावरचं नाव काय देताय? पाकिटावरचं द्या! चाळणी पाकीट बघते." म्हणजे असं की, मेल उघडल्यावर दिसणारा पत्ता एक, आणि ज्या पत्त्यावरून तो खरा निघाला तो दुसराच असू शकतो. बाई मान डोलवत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

गेला महिनाभर मात्र दरवानाच्याच जिवाला घोर लागला होता. दत्तक संस्थेत नवरा-बायकोचा अर्ज सहा वर्षं पडून होता. "आता कधीही कळवू, मेलवर लक्ष ठेवा," असं संस्थेने सांगितलेलं. घरच्या मेलचा काय भरवसा, म्हणून या शहाण्याने ऑफिसचा पत्ता दिला. वर संस्थेचा पत्ता स्वतःच्या हाताने यादीत घातला. बायको रोज दुपारी फोन करायची, "अरे, आला का?" हा ऐटीत म्हणायचा, "माझ्या यादीतलं नाव अडत नाही. आला की पहिला फोन तुला."

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन आला, तो रडतच.

"मला राहवेना, मीच संस्थेत फोन केला. अरे, सोमवारीच मेल केलाय त्यांनी! मुलगी आहे, अकरा महिन्यांची. पाचपर्यंत त्याच मेलवर लेखी होकार गेला नाही, तर फाइल पुढच्या जोडप्याकडे. फोनवरचं 'हो' चालत नाही म्हणे."

दरवान कीबोर्डवर तुटून पडला. कोठडीत नऊ हजार मेल. संस्थेचा पत्ता घालून शोधलं, शून्य. पुन्हा शोधलं, पुन्हा शून्य. "आलेलाच नाही!" तो ओरडला. "खोटं बोलतात ते!"

कसलासा नवा पत्ता लिहिलेला कागद घेऊन खरेदीच्या बाई नेमक्या दारात उभ्या होत्या. त्यांनी काय झालं ते विचारून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही शोधताय तो पत्ता पत्रावरचा की पाकिटावरचा?"

घ्या! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दरवानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संस्था मेल धाडत होती कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीमार्फत, आणि यादीत याने घातलेला पत्ता होता माहितीपत्रकावरचा.

"तोंड काय बघताय? विषयात 'बाळ' घालून शोधा," बाईंनी दम दिला.

सात मेल निघाले. सहा डायपरच्या जाहिरातींचे. सातवा संस्थेचा.

"सापडला!" तो फोनवर ओरडला. "लिहू ना?"

"विचारतोस काय? लिही!"

पण बोटं कुठे ऐकत होती! 'होय'ऐवजी भलतंच उमटायला लागलं. "सरका," म्हणत बाईंनी खुर्ची ओढली. तो सांगत गेला, बाई टाइप करत गेल्या. चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी होकार गेला. लगोलग पाकिटावरचा पत्ता यादीत चढला, म्हणजे पुढचं उत्तर तरी अडायला नको.

चार बावन्नला उत्तर आलं. होकार पोचला, सोमवारी दहा वाजता मुलीला न्यायला या.

दरवानाने ते तीनतीनदा वाचलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तो हा असा. फोनवर बायको हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"अरे, फोटो आहे का रे तिचा? कशी दिसते?"

फोटो होता. दरवानाने तो उघडला, आणि बघतच राहिला.

"अरे, बोल ना! कशी आहे?"

शेवटी बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला. "छान हसतेय हो पोरगी," त्या म्हणाल्या. "बापाचं मात्र रडणं थांबत नाहीये."