टिंबाला टिंब

धुळ्याच्या आग्रा रोडवर निंबा पाटलाचं गॅरेज होतं आणि त्या गॅरेजात कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक इटालियन मोटरसायकल होती. देश बघायला निघालेला कुणी गोरा ती बंद पडली म्हणून निंबाकडे टाकून गेला, तो परत काही उगवला नाही. टाकीवरचं कंपनीचं नाव उन्हानं उडालं, तेव्हा लोक तिला नुसतं 'इटाली' म्हणायला लागले. शहाऐंशी साल उजाडलं तरी कागदपत्रांचा पत्ता नव्हता. ती रस्त्यावर कधीच धावणार नाही हे निंबाला कळत होतं आणि त्याचा जोडीदार आधार, त्यालाही कळत होतं. दोघांना फक्त तिचा आवाज ऐकायचा होता. बाकी काही नको होतं.

निंबा आणि आधार एकाच उस्तादाच्या हातची चापट खाऊन शिकलेले. पाटी निंबाच्या नावाची, पण बुलेट घेऊन येणारा माणूस उतरता उतरता 'आधार आहे का?' असंच विचारायचा. निंबा ते हसून घ्यायचा. हसून घेतलेल्या सगळ्याच गोष्टी पचतात असं नाही. आधार बौद्ध, शहराच्या पलीकडच्या वस्तीतला. दुपारी दोघं एका डब्यात जेवायचे आणि निंबा ते चारचौघांत सांगायचाही. ज्याला खरंच काही वाटत नाही तो सांगत कशाला बसतो, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

त्या इंजिनानं मात्र दोघांना सारखंच येडं केलं होतं. बुलेटच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडतो तो लांबलचक पुशरॉडनं आणि बंद होतो तो स्प्रिंगनं. कॅम, म्हणजे दांड्यावरचा फिरता उंचवटा, ढकलतो, स्प्रिंग मागं ओढते. इटालीचं हेड, इंजिनाचा वरचा भाग, पहिल्यांदा खोललं तेव्हा आधारनं कंदील जवळ ओढून पुन्हा पुन्हा आत पाहिलं होतं. आत स्प्रिंगच नव्हती! उघडायला एक रॉकर, म्हणजे छोटी तरफ, बंद करायला दुसरा. व्हॉल्व्हनं आपल्या मर्जीनं काही करायचंच नाही, जाताना कॅमच्या हुकमानं जायचं आणि येतानाही. पुशरॉड नव्हते, साखळी नव्हती. इंजिनाच्या उजव्या बाजूनं एक नळी वर गेलेली, तिच्यात एक उभा दांडा, आणि दांड्याच्या खाली-वर तिरक्या दातांच्या चाकांची एकेक जोडी. इतकं नीट केलेलं काम दोघांनी आजवर पाहिलं नव्हतं. बंद करणारा एक रॉकर झिजला होता. त्याच्यावर आधारनं वेल्डिंगचा थर चढवला, मग महिनाभर येता-जाता कानस मारून तो केसाच्या मापात आणला. बायको माहेरी असताना माणूस तिच्या चिठ्ठीला जपतो, तसा तो रॉकर कापडात गुंडाळून खिशात घेऊन हिंडायचा.

आश्विनात इंजिन जुळलं. त्या दातेरी चाकांवर, व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ बसावा म्हणून, ठोकून उमटवलेली टिंबं होती. पिस्टन वर आणायचा, टिंबाला टिंब लावायचं आणि चाकं अडकवायची. निंबा कंदील धरून शेजारी उभा होता, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं. मग ऑइल सगळीकडे पोचावं म्हणून आधारनं हातानं इंजिन बरंच फिरवलं आणि झाकण लावून टाकलं.

दसरा दोन दिवसांवर होता. निंबाला इटाली दसऱ्यालाच सुरू करायची होती, हत्यारांच्या पूजेला, सगळ्यांसमोर. पण दसऱ्याला आधार दरवर्षी चाळीसगावहून गाडी धरून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, आणि ते त्यानं कधी चुकवलं नव्हतं.

"निंबाभाऊ, मी नागपूरथीन येस तोवर हिले हात लावू नको. आपण दोन्ही मिळीसन चालू करूत," आधार म्हणाला.

"दसराना मुहूर्त चुकी जाई ना रे."

"इंजिनले मुहूर्त कसाना?" आधार हसला. मग जरा थांबून म्हणाला, "आखो एक सांगनं शे. दिवाळीनंतर मी जळगावले दुकान टाकस. मन्हा साला तठे जागा देस."

निंबानं 'चांगलं शे' म्हटलं आणि इटालीवर ताडपत्री ओढली.

दसऱ्याला गॅरेज पाण्यानं धुतलं. पाने, हातोडे, व्हाइस, सगळ्यांना हळद-कुंकू लागलं, गाड्यांना झेंडूच्या माळा चढल्या. रिक्षावाले, ट्रकवाले, शेजारचे दुकानदार आपट्याची पानं घेऊन जमले होते. इटालीच्या टाकीला निंबानं कुंकू लावलं आणि मग त्याच्या मनात आलं, हिचं खरं हत्यार तर आत आहे. त्या तिरक्या चाकांनाच कुंकू लागायला हवं. त्यानं हेडचं बाजूचं झाकण खोललं.

टिंबं जुळलेली नव्हती.

त्यानं प्लग काढून इंजिन हातानं फिरवलं. पिस्टन वर आला, टिंब भलतीकडेच. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. दहा-बारा वेळा फिरवलं, टिंबं काही समोरासमोर येईनात. आणि तेव्हा निंबाच्या डोक्यात जे जुळलं, ते मात्र एका फेऱ्यात जुळलं. हात लावू नको म्हणाला होता. जळगावला दुकान टाकतोय. बस्स! माणसाला वाईट समजून घ्यायला किती थोडं पुरतं.

त्यानं कुणाला काही न सांगता वरचं चाक मोकळं केलं, दोन-तीन दात सरकवून टिंबाला टिंब लावलं आणि प्लगसकट सगळं पुन्हा बसवलं. नारळ फोडला. किक मारली तर ती मध्येच अडली. दुसरा कुणी असता तर थांबला असता, निंबा स्वतःही एरवी थांबला असता. पण पन्नास डोळे बघत होते. 'कॉम्प्रेशन जबरी शे,' असं म्हणत त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली. अभिमन रिक्षावाल्यानं हाळी दिली, "ढकला रे!" चौघांनी ढकललं आणि निंबानं क्लच सोडला.

खाडकन आवाज झाला. मागचं चाक जागच्या जागी थिजलं आणि निंबा टाकीवर आदळला. पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह खालीच होता. तो वाकला आणि आधारनं महिनाभर घासलेला रॉकर मधोमध तुटला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. ते हसू निंबाला सहन झालं नाही.

"आधारनी मुद्दाम करं!" तो ओरडला. "जळगावले दुकान टाकी राहिना ना, जाता जाता मन्ही गाडी मारी गया! टायमिंगच चुकाडं त्यानी!"

गर्दीत लगेच माना डोलल्या. त्या किती चटकन डोलल्या हे तिथं एकट्या मंजुळाबाईनं, निंबाच्या बायकोनं पाहिलं. घरी ती म्हणाली, "सख्खा भाऊ ऱ्हाता तं असं बोलता का तुम्ही?" निंबानं ताट सरकवलं आणि उठला.

आधार नागपूरहून आला तो थेट गॅरेजात. त्यानं उघडं हेड बघितलं, तुटका रॉकर उचलला, परत ठेवला.

"कितला फेरा फिरवा तू?"

"दहा-बारा. माले काय समजत नही का?"

"आखो फिरवता ना, निंबाभाऊ..."

"हात लावू नको तिले. तुन्हं सामान उचल."

आधारनं सामान उचललं. वाद घातला नाही, हेही लोकांनी त्याच्याच नावावर मांडलं. खरा असता तर भांडला नसता का! आग्रा रोडवरचा बोभाटा ट्रकवाल्यांबरोबर जळगावला त्याच्या आधी पोचला. ज्यानं जोडीदाराचं इंजिन मारलं त्याच्या हाती कोण बुलेट देणार? आधारच्या दुकानात लुना येऊ लागल्या, सायकली येऊ लागल्या. ज्या बोटांनी केसाच्या मापात रॉकर घासला ती पंक्चरच्या पाण्यात बुडायला लागली.

पुढच्या पावसाळ्यात गॅरेजात काम मंदावलं, तेव्हा निंबानं इटालीचं इंजिन पूर्ण उतरवलं. ती चाकांची जोडी त्यानं हेडसकट व्हाइसमध्ये पकडली आणि चाळा म्हणून टिंबाला टिंब लावून फिरवू लागला. टिंबं सरकली. तो फिरवत राहिला. टिंबं आणखी लांब गेली, मग हळूहळू जवळ यायला लागली आणि एका फेऱ्याला बरोब्बर समोरासमोर आली. त्यानं दात मोजले. एका चाकाला थोडे जास्त होते. मुद्दामच तसे ठेवले होते, म्हणजे तेच दात सारखे एकमेकांवर घासून झिजू नयेत. टिंबं दर फेऱ्याला भेटणारच नव्हती, ती बऱ्याच फेऱ्यांनी भेटायची. इंजिन बरोबर होतं. आधारनं ते बरोबरच जुळवलं होतं. निंबानं पुन्हा फिरवून पाहिलं, कारण ते खोटं निघावं असं त्याला मनापासून वाटत होतं. टिंबं पुन्हा भेटली.

तो जळगावला गेला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. आधार मोपेडची साखळी लावत होता. त्यानं फडक्याला हात पुसले, चहा सांगितला.

"टिंबं जुळतस," निंबा म्हणाला.

"माले ठाऊक शे."

"मंग बोलना का नही?"

"मी तं बोलनू व्हतू. तू सामान उचलाले सांगं."

निंबाला रडू आलं, ते खोटं नव्हतं. "आते काय करू, तूच सांग."

आधारनं चहा संपवला. "जठे बोलना तठेच बोल. त्याच लोकेसमोर. माले दुसरं काही नको."

निंबानं त्याचा हात धरून शब्द दिला. दसऱ्याला सगळे जमतील, तेव्हा सांगतो म्हणाला.

आणि त्या दसऱ्याला आधार नागपूरला गेला नाही. सकाळच्या एस.टी.नं तो धुळ्यात उतरला आणि धुतलेला पांढरा शर्ट घालून गॅरेजासमोर गर्दीच्या कडेला उभा राहिला. निंबानं पूजा उरकली, नारळ फोडला आणि घसा खाकरला.

"मांगला वरीसले मी आधारवर खापर फोडं," तो म्हणाला. "त्यानी काही चूक नव्हती."

आधारनं मान वर केली. इथवर सगळं दिल्या शब्दाप्रमाणे झालं होतं आणि आता फक्त एकच वाक्य उरलं होतं.

"मंग कोनी चूक व्हती?" अभिमननं विचारलं. त्यानं सहज विचारलं होतं.

निंबानं सगळ्यांकडे पाहिलं. रोजची गिऱ्हाइकं होती, रोज राम राम घालणारे शेजारी होते. पाटी त्याच्या नावाची होती.

"गाडीच खराब," तो म्हणाला. "इटालीवालास्नी मशीनच चुकीनी बनाडी. बिगर स्प्रिंगनं इंजिन कधी चालस का?"

लोक मोकळे हसले. 'भंगारमा दी टाक भाऊ,' कुणी म्हणालं. आपट्याची पानं वाटायला सुरुवात झाली, आधारलाही दोघा-तिघांनी दिली. दोष कुणाचाच नव्हता, सगळं गोड झालं होतं.

गर्दी पांगता पांगता आधार निंबाजवळ आला. तो ओरडू शकला असता, ऐकायला माणसं अजून होती. पण तो वाकून, फक्त निंबाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "निंबाभाऊ, गाडी चांगली व्हती."

आणि तो स्टँडकडे चालू लागला. त्या घडीला निंबाच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हेच की, बरं झालं, कोणी ऐकलं नाही.